वाकणातली राळ

मामा, तुमचा युफोनियम, तो खर्जाचा मोठा पितळी बाजा, परवा माझ्याकडं पोचला. मामीनं तो हळदीच्या दोन पोत्यांत गुंडाळून, सुतळीनं आवळून, वारंगा फाट्यावर दिल्लीकडच्या एका ट्रकवाल्याच्या हवाली केला होता. इथं मेरठात पोतं सोडलं तसा कारखानाभर हळदीचा वास सुटला. शेजारचे कारागीर नाक वर करून बघायला लागले. मला मात्र बाजाला हात लावायची हिंमत होईना. त्याचं मोठं तोंड माझ्याकडं होतं. त्या काळ्या पोकळीत बघताना वाटत होतं की तुम्ही आत खाली कुठंतरी बसला आहात, आणि मी आधी बोलावं म्हणून थांबला आहात.

बोलायला उशीर झाला हे खरं. तुम्ही गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. जलदान विधीलाही पोचलो नाही. सुटी मागायला मालकाच्या दारापर्यंत गेलो आणि तिथूनच परत आलो. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. समोरच्याचा नकार मी त्याच्याआधी स्वतःच स्वतःला देऊन टाकतो.

बाजाच्या तोंडात मामीची चिठ्ठी होती, शेजारच्या पोरीकडून लिहून घेतलेली. "यात मिलिंदचा आवाज हाये का बघ. असंल तर परत धाड. नसंल तर तिकडंच मोडीत घाल. खरं सांग." एवढंच.

खरं सांग म्हणे. मामा, त्या आवाजाबद्दल खरं सांगायला माझ्याइतका नालायक माणूस साऱ्या जिल्ह्यात सापडणार नाही. ज्या दिवशी तो आवाज पहिल्यांदा आला, त्या दिवसापासून मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. ती आज सांगतो. तुम्ही ऐकायला नाही म्हणूनच सांगायचं धाडस होतंय, हेही कबूल करतो.

सातवीत शाळा सुटली, पुढं चार-पाच वर्षं हळद शिजवायच्या कढईवर गेली, आणि मग आईनं मला तुमच्याकडं आणून सोडलं. फाट्यावर पंक्चरवाला आणि चहाचं हॉटेल, त्यांच्यामध्ये तुमचं टिनाचं दुकान. नांदेड, हिंगोली, हदगाव, कुठल्याही बाजूचा बँडवाला एसटीतून उतरायचा तो काखेत मोडकं वाजिंत्र घेऊनच. दुरुस्त झालेले बाजे तुम्ही छताला उलटे टांगायचे, तोंडं खाली. पहिल्याच आठवड्यात तुम्ही जेवायला गेला होता. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. एका भरलेल्या ट्रकनं गिअर बदलला, आणि माझ्या डोक्यावरचे सगळे बाजे एकदम हुंकारले. ट्रक लांब गेला तरी ते थांबेनात. मी बाहेर पळालो तो तुमच्या अंगावरच.

"काहून पळून राहिला?"

"मामा, ते बोलून राहिले."

तुम्ही आत जाऊन एकेका बाजाच्या तोंडाला तळवा लावला, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा. ते गप झाले. मग म्हणालात, "नळीला काय कळतंय फुंक ट्रकची का माणसाची. हवा हालली की ती बोलती. भ्यायचं न्हाई."

पण भीती घालायचेही तुम्हीच. सगळ्यात पहिला बाजा कुणी केला, हा तुमचा आवडता विषय. चहाला थांबलेल्या परक्या माणसालाही तुम्ही ते ऐकवायचे. शिंग, शंख, हाड, बांबू, ह्या चारांतूनच सगळे बाजे निघाले, आणि चारही मेलेले. जिवंत शिंगातून सूर निघत नाही. जनावर मेलं पाहिजे, आतला गाभा कुजून पडला पाहिजे, तेव्हा फुंकेला जागा होते. "कुण्या माणसानं पहिल्यांदा मेलेल्या शिंगाला तोंड लावलं असंल, अन् ते वरडलं असंल, तेव्हा त्याची काय गत झाली असंल रे?" असं म्हणून तुम्ही क्लॅरिनेटमध्ये विडीचा धूर सोडायचे, गळती बघायला. सगळी भोकं बोटांनी झाकलेली असायची, तरी एका फटीतून धुराचा दोरा हळूच वर यायचा. मला वाटायचं, आतलं कुणीतरी श्वास सोडून राहिलं.

पिस्टनचं, म्हणजे बाजावरच्या खटक्यांचं, गणितही तुम्ही मला फाट्यावरच शिकवलं. सरळ नळीच्या बिगुलात मोजकेच सूर. पुढं माणसानं नळीची घडी घातली, म्हणजे ती खांद्यावर घेऊन चालता यावं. तरी सूर तेवढेच. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की नळीला फाटा फोडावा. तुम्ही नांदेडहून येणाऱ्या एसटीकडं बोट केलं. "ही सरळ गेली तर हिंगोली. खटका दाबला की हदगावच्या रस्त्याला लागली, वळसा घालून परत मेन रोडला आली. फुंकेचा रस्ता लांबला, सूर उतरला. तीन खटके म्हणजे तीन फाटे. बस, साऱ्या बँडची अक्कल एवढीच." इथं मेरठात मी आजवर कितीतरी पिस्टन बसवले असतील. प्रत्येक वेळी डोळ्यांपुढं एसटी वळते.

आणि सॅक्सोफोनचं भांडण तर राहूनच गेलं. तो लाकडी वाजिंत्रांतला असं तुम्ही म्हणायचे, मी म्हणायचो सगळा पितळेचा आहे, डोळ्यांना दिसतंय. तुम्ही म्हणालात, पितळेचं कापड घातल्यानं जात बदलत न्हाई. मी म्हणालो, मामा, जात मानायची न्हाई असं तुमीच सांगता. तुम्हाला हसता हसता ठसका लागला, मामी पाणी घेऊन धावली. इथल्या म्हाताऱ्या कारागिरांनी मला पहिल्या महिन्यातच सांगितलं की तुम्ही बरोबर होता. फुंक ओठांनी थरथरली की पितळेचं खानदान, वेताच्या जिभलीनं थरथरली की लाकडाचं, मग अंग कशाचंही असो. फोनवर तुम्हाला हे सांगायचं मी सात वर्षं टाळलं. हरायला लाज वाटत होती. आता जिंकलेला माणूसच नाही.

मिलिंदबद्दल लिहायला घेतो आणि हात थांबतो. तुमचा एकुलता एक. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. युफोनियम त्याच्याइतका गोड कुणी वाजवत नव्हतं, पण त्याला एक खोड होती. फुंकता फुंकता तो घशातून गुणगुणायचा. बाजाचा सूर खाली आणि त्याच्यावर त्याचा बारीक, घोगरा आवाज, जणू भिंतीपलीकडं कुणी गातंय. तुम्ही त्याला रागवायचे, दोन आवाजानं सूर फाटतो म्हणून. तो मला डोळा मारायचा आणि पुढच्या ओळीला पुन्हा तेच. मग त्याला कावीळ झाली. तीन आठवड्यांत तो गेला.

आपल्या बँडपार्टीत रीत होती. वाजवणारा मेला की त्याच्या बाजाची फुंक उतरवायची. कडुलिंबाचा पाला टाकून उकळलेलं पाणी माउथपीसमधून ओतायचं, सगळे पिस्टन दाबून नळीनळीतून फिरवायचं, आणि बाजा उपडा करून मातीत सांडायचं. त्याशिवाय दुसऱ्यानं तोंड लावायचं नाही. पार्टीतली माणसं पाण्याचं भांडं घेऊन तुमच्या दारात आली. तुम्ही त्यांना परत पाठवलं. आपण बौद्ध माणसं, भूतखेत, आत्मा काय मानत न्हाई, फुंक म्हणजे हवा, ती कवाच उडून गेली, असं म्हणालात. दुसऱ्याच महिन्यात तुम्ही स्वतः तो बाजा छातीशी धरून लग्नाच्या वरातीत उभे राहिलात. डोळे कोरडे होते. पार्टीतली माणसं मात्र तुमच्यापासून हातभर लांब चालत होती.

पुढच्या एप्रिलात, जयंतीच्या मिरवणुकीच्या आदल्या दिवशी, मागं येणाऱ्या जीपखाली तो बाजा आला. खालचं मोठं वाकण, नळी वळते तो भाग, पार चेपलं. नवं वाकण घालायचं होतं, आणि तुमच्या डाव्या, कामाच्या हाताला त्या आठवड्यात भाजलेलं. तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "तू घाल."

एवढी मोठी नळी मी कधी वाकवली नव्हती. पण रीत पाठ होती. नळीचं एक तोंड बंद करायचं, वितळलेली राळ आत ओतायची, ती थिजून दगड झाली की लाकडी खुंटाभोवती नळी वाकवायची. पोट भरलेलं असतं म्हणून नळीला सुरकुती पडत नाही. मग वरून शेक देऊन राळ पुन्हा पातळ करायची आणि थेंबन् थेंब काढून टाकायची. वाकण सुंदर उतरलं. एकही सुरकुती नाही. मला इतका आनंद झाला की शेवटचा शेक मी घाईत दिला. राळ वाहायची थांबली तेव्हा ती संपली असं धरून कथलाची झाळ देऊन वाकण बाजाला जोडून टाकलं.

सकाळी तुम्ही पहिला खर्जाचा सूर लावला आणि मध्येच थांबलात. पुन्हा लावला. सुराच्या वर एक बारीक, घोगरा आवाज होता. मी ऐकला. तुम्ही बाजा मांडीवर ठेवला, पिस्टनवरून अंगठा फिरवला आणि अगदी साधेपणानं, तो शेजारच्या खोलीत असावा तसं, म्हणालात, "मिलिंद."

मिरवणूक झाली. दुपारी मी राळेचं भांडं वजनकाट्यावर ठेवलं. ओतली होती त्यापेक्षा सुपारीएवढी कमी भरली. ती कुठं होती हे मला कळलं. ती माझ्या वाकणात चिकटून बसली होती, फुंक तिच्यावरून घासून जात होती आणि भूत तयार होत होतं. माझ्या हातानं.

सांगायला मी संध्याकाळी तुमच्यापुढं आलो होतो, मामा. तुम्ही दुकानामागं एकटे बसून तोच एक सूर लावत होतात. लावायचा, ऐकायचा, पुन्हा लावायचा. आत्मा न मानणारा माणूस असा लाजत लाजत, कुणी बघत नाही ना बघत, लेकराला हाका मारत होता. मी कुठल्या तोंडानं म्हणणार होतो की ती राळ आहे? आणि खरं सांगतो, दुसरी भीतीही होती. चूक कळली तर तुम्ही मला हळदीच्या कढईवर परत पाठवाल. तुमच्यासाठी गप्प राहिलो की माझ्यासाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तीन वर्षांनी तुम्हीच मला इकडं धाडलं. इथं तू नुसती ठिगळं लावशील, बाजे जिथं जन्मतात तिथं जा, असं म्हणालात. तुमच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला चिठ्ठी दिली, स्वतःचा स्वेटर दिला. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाला आज इथं लोक मिस्त्री म्हणतात, ते तुमच्यामुळं. हे मात्र मी तुम्हाला दर दिवाळीला सांगितलं. तेवढं एक बाकी ठेवलं नाही.

मागच्या खेपेला गावी आलो तेव्हा तुम्ही पार वाळला होता. जेवण झाल्यावर म्हणालात, बस. बाजा घेतला, खर्ज लावला. आवाज होता. पूर्वीपेक्षा स्पष्ट. तुम्ही ओठ काढले आणि माझ्याकडं बघितलं.

"तुला येतो ना ऐकू?"

"व्हय, मामा."

तुम्ही बराच वेळ माझ्याकडं बघत राहिलात. मला वाटलं, आता माझ्या कपाळावरचं वाचणार. मग तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि बाजावरची धूळ पुसली.

काल मी वाकण खोललं. ठरवलं होतं की राळ काढायची, मामीला खरं कळवायचं, आणि जे व्हायचं ते होऊ दे. दिवा पेटवला. झाळ वितळायच्या आधी सहज बोट फिरवलं आणि थांबलो. ती झाळ माझी नव्हती. माझी झाळ उजवीकडं संपते. तुम्ही डावखुरे, तुमचा शेवटचा थेंब डावीकडं राहतो, बाजरीच्या दाण्याएवढा. तो थेंब तिथं होता.

वाकण सुटलं. आत राळेचा कणही नव्हता. चिंचेनं घासलेल्या तांब्यासारखी नळी आतून लखलखत होती. मी ती उजेडाकडं धरून किती वेळ बघत होतो कोण जाणे. मग दिवा विझवला.

मामीच्या शेजाऱ्यांच्या मोबाईलवर फोन लावून तिला बोलावून घेतलं. विचारलं, मामांनी हे कधी खोललं होतं. मामीला आठवायची गरजच पडली नाही. "त्या मिरवणुकीच्या दुसऱ्या आठवड्यात. मीच दिवा धरला व्हता. आतून काळा गोळा निघाला सुपारीएवढा. त्यास्नी लई हसू आलं, मग रडू आलं. मला म्हणले, पोराला सांगू नको, ते भिऊन पळून जाईल."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. माझ्या गप्पपणाच्या प्रत्येक दिवशी तुम्हाला ठाऊक होतं. मी तुम्हाला सांभाळतो आहे असं समजून मी वागत होतो, आणि सांभाळत तुम्ही मला होता.

पण मामा, मग मागच्या खेपेला मी काय ऐकलं? नळी तोवर नऊ-दहा वर्षं साफ होती. रात्रभर मी हाच विचार केला. तुम्हीच घशातून गुणगुणत होता, मिलिंदसारखे? रोज एकट्यानं बसून लेकराची खोड शिकलात? तसंच असेल. तसंच असावं. मी तुमच्या गळ्याकडं नीट बघितलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगतो. पण मी बघितलं होतं. तुम्ही वाळल्यामुळं गळ्याची शीर न् शीर दिसत होती, आणि गळा हलत नव्हता.

मामीला विचारलं, तुला यायचा का आवाज. ती म्हणाली, "ते म्हणायचे येतो. मला कधीच आला न्हाई. एवढी वर्षं कान लावून बसले, पण न्हाईच. म्हणून तर तुझ्याकडं धाडला. ह्यांचं डोस्कं फिरलं व्हतं का मीच बहिरी, एवढं मला कळू दे."

आज सकाळी वाकण परत बसवलं. फुंक उतरवायला पाणी उकळावं की नाही, हा प्रश्न पडला. तुम्ही मिलिंदची उतरवली नाही; मी तुमची उतरवणारा कोण? सगळे कामावर होते, ठोकाठोकी चालू होती. मी कोपऱ्यात उभा राहिलो, घसा मुद्दाम ढिला ठेवला, आणि खर्ज लावला. स्वच्छ, भरीव, एकच सूर निघाला. पुन्हा लावला. एकच. मला दुसरं काहीच ऐकू आलं नाही. हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी इतकं रितं वाटलं की बाजा खाली ठेवावासा वाटला.

माझ्यामागं सत्तरीचे एक कारागीर बसतात, सगळे त्यांना चचा म्हणतात. तुम्ही, मिलिंद, राळ, यातलं त्यांना काहीही माहीत नाही. त्यांनी हातोडी थांबवली आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"बाजा तो बढ़िया है," ते म्हणाले. "पर साथ में ये दूसरा कौन गा रहा है?"

मी दारापाशी जाऊन मामीला पुन्हा फोन लावला. सगळं सांगितलं, क्रमानं, राळेपासून चचापर्यंत. आज मलाही आला नाही, हेही सांगितलं. फाट्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. मग तिनं विचारलं, "कुणाचा रे? मिलिंदचा, का ह्यांचा?"

"मला न्हाई सांगता येत, मामी."

"मग परत धाड," ती म्हणाली. "बँडवाल्याच्या घरात सारा जन्म गेला, कुण्या बाजाला तोंड लावलं न्हाई मी. आता मीच फुंकते."

पोतं पुन्हा शिवलं आहे. ट्रक उद्या निघतो, चार दिवसांत फाट्यावर पोचेल. मामा, ती पहिल्यांदाच फुंकणार आहे. तिचा दम लहान आहे, आणि कान इतकी वर्षं उपाशी. आत तुम्ही असाल किंवा मिलिंद असेल, तिला हळू उत्तर द्या.